चिंचेत भिजवलेला तुपिलाक

फुजैरा, सोमवारची सकाळ

मोज्यातला तो कोरलेला देव वाटीतून बाहेर काढला आणि बघते तर काय. रंग गेला होता! काल संध्याकाळी चिंचेच्या कोळात टाकला तेव्हा जुन्या तुपासारखा पिवळा होता, बोट फिरवलं की गुळगुळीत लागायचा. आणि आता पांढरा फटक, खडूसारखा, खरखरीत. डोळ्यांतलं काळं निघून गेलेलं. बरगड्यांवर सुईने ओढल्यासारख्या बारीक रेघा होत्या, त्यातल्या अर्ध्या दिसेनात. मी नळाखाली धरला, ओढणीने पुसला, खिडकीत उन्हात धरला, परत पुसला. पुसून पुसून रंग परत येतो का? पण हात थांबेनात. पोरगी चिमी गादीवर रडतेय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, हाताला चिंचेचा वास, आणि तेवढ्यात फोन वाजला.

ह्यांच्या ऑफिसातला माणूस. "भाभी, वो बुड्ढा याद है ना, एनोक? अबुधाबी में ऑपरेशन हो गया उसका. परसों शाम की फ्लाइट है, घर जा रहा है. एक ही चीज माँगता है. बोलता है कोई मोजा है, मोजे में कुछ है. आपके घर पे है क्या?"

मी म्हटलं, "है." हातात तोच होता, ओला, नाही कशी म्हणणार?

"संभाल के रखना. गाड़ी खाली नहीं है अभी. देखते हैं, इन्शाल्ला."

दोन महिन्यांत मला एवढं कळलं होतं की ऑफिसातला माणूस असं इन्शाल्ला म्हणाला की ते काम व्हायचं नसतं.

आता आधी कोण कुठली ते सांगते. मी हर्णैकडची. आठवीपर्यंत शिकले, मग आई आजारी पडली म्हणून शाळा सुटली. हे फुजैऱ्याला चँडलरकडे कामाला, चँडलर म्हणजे जहाजांचा किराणा दुकानवाला. तिथे समुद्रात जहाजं नांगर टाकून तेल भरायला उभी असतात, एवढी की संध्याकाळी दिवे लागले की वाटतं पाण्यावर गाव वसलंय. हे लाँच घेऊन जातात आणि त्यांना कांदे, बटाटे, अंडी, तांदूळ पोचवतात. मी चिमीला घेऊन तीन महिन्यांच्या व्हिसावर गेले होते. आपल्या महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, वैशाली, दुबई बघून आलीस, चार पानं लिही. बाई, मी दुबई धड बघितलीच नाही. मी जे बघितलं ते लिहिते.

एनोकबाबा एका जहाजावर इंजिनात तेलपाण्याचं काम करायचा. साठीचा असेल. गाल उन्हावाऱ्याने भाजलेले, डोळे बारीक, बुटका, हसला की सगळा चेहराच हसायचा. ग्रीनलँडचा. मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, ह्यांनी कॅलेंडरच्या मागे पेनाने काढून दाखवलं, पार वरती, जिथे मला वाटायचं नकाशा संपतो तिथे. बाबा लोखंडी जिन्यावरून पडला, खुबा मोडला, ह्यांच्याच लाँचमधून त्याला किनाऱ्यावर आणलं. आठ दिवस तो फुजैऱ्याच्या दवाखान्यात होता. परक्या गावात आजारी माणूस, त्याला डब्यातलं कोण देणार? मी मासा शिजवला, तिखट न घालता, नुसती हळद, मीठ, कोकम. मला वाटलं गोरी माणसं काटे बघून तोंड फिरवतात, तसाच हा. तर ह्याने आधी मुंडकं उचललं! डोळा चोखला, गाल सोडवून खाल्ला, सगळी हाडं ताटलीच्या कडेला ओळीने लावली. माझे आजोबा असेच लावायचे. त्या दिवसापासून मी रोज डबा दिला आणि मुंडकं कधी चुकवलं नाही.

मग एक दिवस त्याला अचानक अँब्युलन्समधून अबुधाबीला हलवलं, तिथे मोठं ऑपरेशन होतं म्हणून. बॅग गेली, कागद गेले, उशीखाली एक लोकरीचा मोजा राहिला. तो झाडणाऱ्या बाईने ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी घरी आणून कपाटावर ठेवला. "बाबाचं आहे. हात लावू नको, मी पाठवतो," म्हणाले आणि लाँच घेऊन चार दिवसांसाठी खोरफक्कानच्या बाजूला गेले.

मी हात लावला. का लावला ते सांगते. मोजा घरात आला त्याच दुपारी चिमीला कणकण आली. अकरा महिन्यांची पोर, रडायची थांबेना. मला राहवेना. मोजा काढला, उघडला, आणि आतून जे निघालं ते बघून मी ओरडलेच. हाताच्या बोटाएवढं. डोकं मोठं, तोंड कानापर्यंत फाकलेलं, त्यात दातच दात. बरगड्या बाहेर आलेल्या. एक हात माणसाचा, एक माशाच्या पंखासारखा, आणि पाठीवर आणखी एक तोंड. मी कोकणातली, मला भूत शिकवायला नको. पहिल्यांदा वाटलं करणी आहे, समुद्रात फेकावं. मग वाटलं, नाही, एवढा मासे खाणारा साधा माणूस, उशीखाली ठेवायचा, म्हणजे हा त्याचा देव असणार. आणि देव असून किती मळलाय! पिवळा पडलाय, कोणी आंघोळ घातली नाही, म्हणून रागावलाय.

आमच्याकडे पेटीतून जुने देव काढले की आई आधी चिंचेत घालायची. पितळेचे देव कसे लखलखीत होतात! मी वाटीभर चिंच कोळली, मूठभर मीठ घातलं आणि त्यात त्याला रात्रभर ठेवलं. मनात म्हटलं, बाबा रे, तुझी सेवा करतेय, माझ्या पोरीला बरं कर.

सकाळी चिमीचा ताप उतरला होता, आणि त्याचं हे असं झालं होतं.

ह्यांना कळवायला सोय नाही. लाँचवर फोन नाही. दिवसभर मी त्या वाटीकडे बघत बसले. परसों म्हणजे बुधवार संध्याकाळ. माणूस पार नकाशाच्या वरती निघून जाणार आणि तो देव माझ्या घरात. ऑफिसची गाडी नाही. मी एकटी कधी एस.टी.ने दापोलीलाही गेले नव्हते, भाऊ नाहीतर वडील बरोबर असायचेच. अरबी येत नाही, इंग्रजी पाटी अक्षर जोडून वाचते. पोलिसाने पासपोर्ट मागितला तर काय बोलायचं तेही माहीत नाही. पण संध्याकाळी मी शारजाला ह्यांच्या मित्राच्या बायकोला, कुलसुमभाभीला, फोन लावला आणि म्हटलं, भाभी, मी उद्या येतेय, तिथून अबुधाबीला जायचंय. बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

मसाफीचा बाजार

मंगळवारी शेजारणीकडे चिठ्ठी ठेवली, हे आले तर द्यायला. चिमी, दुधाची बाटली, खोबरेल तेलाची बाटली, लंगोट, पासपोर्ट, आणि लंगोटांच्या मधोमध मोजा. शेअरिंग टॅक्सी पंचवीस दिरहम, म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये, तीनशेत आपल्याकडे माणूस कुठल्या कुठे जाईल! बाईमाणूस म्हणून मला पुढची सीट मिळाली. ड्रायव्हर पठाण, दाढी मेंदीने लाल केलेली, मागे तीन माणसं, दोघे झोपलेले.

फुजैऱ्यातून निघालं की डोंगर लागतात. मला बरं वाटलं, म्हटलं घाट आला. पण बायांनो, एका डोंगरावर झाड नाही! गवत नाही, पाण्याचा ओहळ नाही, नुसता काळा-तांबडा दगड, जळून कोळसा झाल्यासारखा. आपला घाट अंगावर हिरवं पांघरून असतो, हे डोंगर उघडेच. आणि तरी त्यात मधेच खजुराची बाग दिसते, दहा-बारा झाडं, एक विहीर, एक बकरी, असं वाटतं कोणीतरी हट्टाने लावलीय.

मसाफीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं. गालिचे लटकवलेले, मातीची मडकी, फळांच्या राशी, मधाच्या बाटल्या. ड्रायव्हर चहाला थांबला. मी उतरून कैऱ्या बघत होते, तिथे आपल्यासारख्याच छोट्या कैऱ्या होत्या, वास घेतला तर डोळ्यांत पाणी आलं. चिमी कडेवर, पिशवी खांद्याला. आणि मागून ड्रायव्हर ओरडला, "तौबा! बहनजी! बच्ची के मुँह में जिन्न है!"

बघते तर चिमीने पिशवीतून मोजा ओढलेला, मोजा रस्त्यावर, आणि आतला देव चिमीच्या तोंडात! तिला खाली दोन दात आलेले, वरचे फुटत होते, हिरड्या शिवशिवायच्या, जे मिळेल ते चावायची. डोक्याकडून आत घातलेला, पंखाचा हात बाहेर, लाळ गळतेय. मी ओढला तर सोडेना. मागचे दोघे जागे होऊन खाली उतरले.

"ये क्या चीज है?" ड्रायव्हरने लांबूनच विचारलं.

"एक बाबा का भगवान है," मी म्हटलं. "बर्फ के देश का."

"बर्फ का जिन्न?" तो म्हणाला. "फिकर मत करो बहनजी, यहाँ मई-जून में पिघल जाएगा."

सगळे हसले. फळवाला हसला, मागचे दोघे हसले, मीपण हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा. चिमीने तो तोंडातून काढला आणि त्याच्याकडे बघून हसली, आणि खरं सांगते, दोघांचं हसणं एकसारखं दिसत होतं, तोंडभर, लाज नसलेलं. त्यानंतर मला त्याच्या तोंडाची भीती वाटली नाही. भीती उरली ती एनोकबाबाच्या तोंडाची.

फळवाल्याने चिमीला एक छोटं केळं दिलं, पैसे घेतले नाहीत. "यल्ला, यल्ला," ड्रायव्हर म्हणाला आणि आम्ही निघालो.

अल मजाज

कुलसुमभाभी बाणकोटची. तिचा नवरा रफिकभाई आणि हे पहिल्यांदा एकाच खोलीत राहायचे, सहा जण एका खोलीत, तेव्हापासूनचं घरचं नातं. अल मजाजला खाडीच्या पाण्याकाठी उंच उंच बिल्डिंगा आहेत, त्यातल्या अकराव्या मजल्यावर त्यांचं घर. खिडकीतून पाणी दिसतं पण त्या पाण्याला वास नाही, होडी नाही, जाळं वाळत घातलेलं नाही. बघायचं पाणी.

भाभीने दार उघडल्या उघडल्या चिमीला ओढून घेतलं. घावन आणि तळलेले बांगडे तयार होते. मी दोन घास खाल्ले आणि मोजा तिच्यापुढे ठेवला, सगळं सांगितलं. तिची मुलगी सना, पंधरा वर्षांची, सोफ्यावर पुस्तक घेऊन बसलेली. तिच्याशी आई कोकणीत बोलते आणि ती इंग्रजीतच उत्तर देते, सगळ्या घरांत तसंच आहे तिथे.

सनाने तो हातात घेतला, दिव्याखाली फिरवला, आणि म्हणाली, "आंटी, इट्स अ टूथ."

"काय म्हणते?"

"दात आहे म्हणते," भाभी म्हणाली. "कुणाचा गो? एवढा मोठा?"

"व्हेल, मे बी. यू कान्ट सोक अ टूथ इन अ‍ॅसिड, आंटी!"

भाभीने कपाळावर हात मारला. "आगो वैशाली! चिंच खाऊन माणसाचे दात आंबतात, माशाचे नाय आंबायचे?"

लहानपणापासून चिंचा खाऊन दात आंबवून घेतलेली मी, मला एवढं कळू नये! पण दात असा कोरलेला कोणी बघितलाय का? मला वाटलं दगड असेल, हाड असेल.

भाभीने तो उलटसुलट करून बघितला. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि आतून हाक मारली. बघते तर तिने गॅसवर पातेल्यात चहा ठेवलेला, नुसती पावडर आणि पाणी, काळा कुळकुळीत. "आण इकडे. सनाच्या पांढऱ्या ओढणीवर चहा सांडला होता, दोन वर्सं झाली, डाग गेला नाय. ह्याला दोन तास ठेवू. पिवळा होईल. म्हाताऱ्याला चष्मा आहे काय?"

"आहे."

"मग खलास. डोळ्यांत काजळ भरू. कोण सांगणार नाय, तू पण सांगू नको. देऊन यायचं, सलाम करायचा, निघायचं."

मी नको म्हटलं नाही. मीच माझ्या हाताने पातेल्यात सोडला. दोन तासांनी काढला तर, काय सांगू, छान झाला होता! अगदी तस्सा पिवळा नाही, जरा तांबूस, पण ज्याने आधी नीट बघितला नसेल त्याला कळणार नाही. काडीने डोळ्यांत काजळ भरलं. रेघा तेवढ्या परत आल्या नाहीत. भाभी म्हणाली, "बघ, कुलसुमने देव बनवला."

सना पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "दॅट्स चीटिंग, ममा."

"तू गप बस. मोठी आली."

मला त्या दिवशी घावनं गोड लागली नाहीत.

अबुधाबी

बुधवारी सकाळी भाभीने मला एका केरळी कुटुंबाबरोबर टॅक्सीत बसवलं, परत आणायचंही ड्रायव्हरशी ठरवलं. सनाने एका कागदावर इंग्रजीत दवाखान्याचं नाव, वॉर्ड आणि एनोकबाबाचं नाव लिहून दिलं. रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळू, आणि मधल्या पट्टीत झाडं लावलेली, प्रत्येक झाडाला नळीने पाणी. आपल्याकडे झाडाला पाऊस मिळतो, तिथे झाडाला नळ मिळतो. अबुधाबी आलं तर डोळे दिपले. रुंद रस्ते, फवारे, काचेच्या बिल्डिंगा, आणि झाडताना धूळच निघत नाही असे फूटपाथ.

दवाखाना केवढा! फाटकावरच्या माणसाने माझा कागद बघितला नाही, कडेवरची चिमी बघितली आणि हात दाखवला, तिकडे. मी गेले. लिफ्ट, लांब पॅसेज, दार उघडलं तर सगळीकडे पोटुश्या बायका! एका नर्सने मला खुर्चीवर बसवून रक्तदाब मोजायचा पट्टाच बांधला. मी म्हणतेय, "नो बेबी, नो बेबी," ती चिमीकडे बोट दाखवून म्हणतेय, "येस, बेबी." शेवटी कागद तिच्या तोंडापुढे धरला तेव्हा ती हसली आणि मला स्वतः दुसऱ्या बिल्डिंगपर्यंत सोडून आली. एवढ्यात माझा अर्धा तास गेला, आणि घामाने ड्रेस पाठीला चिकटला.

वॉर्डात चार खाटा. एकीवर एक इजिप्तचा जाडा माणूस, एकीवर पठाण मजूर, पाय वर टांगलेला, एक झोपलेला, आणि खिडकीजवळ एनोकबाबा. त्याने मला बघितलं आणि दोन्ही हात वर केले. नर्स होती केरळची, तिला हिंदी येत होती. बाबा मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, ती मला हिंदीत सांगायची.

मी मोजा दिला. त्याने तो हळूच काढला, तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि डोळे मिटले. नीट बघितलंच नाही! मग नाकाशी नेला, वास घेतला, आणि माझ्याकडे बघून हसला. मी मनात म्हटलं, सुटले. सलाम करायचा, निघायचं.

तेवढ्यात नर्सनेच विचारलं, "बाबा, ये क्या है? डेव्हिल?"

आणि तो सांगायला लागला. नर्स सांगत गेली तसं लिहिते.

"बाबा बोलता है, इसका नाम तुपिलाक. इनके लोग इनुइट हैं. बहुत पहले किसी से दुश्मनी हो, तो आदमी छुप के तुपिलाक बनाता था. हड्डी, बाल, चमड़ा, मरा हुआ जानवर का टुकड़ा, सब जोड़ के. उस पर गाना गाता था और समुंदर में छोड़ देता था. वो जा के दुश्मन को मारता था. उसको कोई दिखाता नहीं था, कोई रखता नहीं था. फिर बाहर का लोग आया, पूछा कैसा दिखता है. तो इनके लोगों ने व्हेल के दाँत में खोद के दिखाया. ये वैसा वाला है. ये किसी को नहीं मारता. इसका पिताजी ने बनाया, जाड़े में, जब महीनों तक सूरज नहीं आता."

म्हणजे देव नव्हताच. मी भुताला आंघोळ घातली होती!

पठाण म्हणाला, "और अगर दुश्मन तगड़ा निकला तो?"

नर्सने विचारलं. बाबाने बोट वर केलं, जसे आपल्याकडचे म्हातारे खरी गोष्ट आता येतेय म्हणून करतात.

"बाबा बोलता है, तब तुपिलाक वापस आता है. जिसने बनाया उसी को मारने. फिर बचने का एक ही रास्ता. सबके सामने खड़ा हो के बोलना, ये मैंने किया. छुपाया तो गया. बोल दिया तो तुपिलाक में जोर नहीं रहता."

चार खाटा, एक नर्स, इजिप्तवालासुद्धा डोळे मोठे करून ऐकत होता, आणि बाबा माझ्याकडे बघत होता. मुद्दाम बघत होता की सहज, देवाला माहीत. मला भाभीचा आवाज ऐकू येत होता, तू पण सांगू नको. दार माझ्या मागे चार पावलांवर होतं. टॅक्सीवाला खाली थांबला होता. कोणाला काही कळलं नव्हतं.

मी उभी राहिले. चिमीला घट्ट धरलं. "सिस्टर, बाबा को बोलो, मैंने इसको खराब किया." आणि मग थांबताच येईना. चिंच, मीठ, रात्रभर, चहा, काजळ, सगळं, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत, धाप लागली तरी बोलत राहिले. "मैला समझा मैंने. साफ करने गई. रंग निकल गया. लाइन निकल गया. फिर चहा में डाला, आपको पता नहीं चले करके. ये मैंने किया."

नर्सने ते सगळं बाबाला इंग्रजीत सांगितलं.

बाबाने चष्मा लावला. तुपिलाक खिडकीकडे धरला. अंगठा बरगड्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा, तिथेच, जिथे रेघा होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं जमीन फाटावी. मग नर्सला काहीतरी हळू बोलला.

"बोलता है, ये लाइन पिताजी ने चाकू की नोक से बनाया था. वो अब नहीं आएगा." तिने परत बाबाचं ऐकलं. "रंग का बोलता है, पीला रंग मैल नहीं था. हाथ का था. पहले पिताजी का हाथ, फिर तीस साल इसका हाथ. सील मछली का तेल और हाथ."

"आता काय करू?" मी मराठीतच विचारलं. काय करू हे कुठल्याही भाषेत कळतं बहुतेक. पण मी उत्तराची वाट बघितली नाही. पिशवीतून चिमीची खोबरेलाची बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि हात पुढे केला. बाबाने तेलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो माझ्या हातावर ठेवला.

मी चोळला. जशी चिमीला आंघोळीआधी चोळते तसा, डोकं, पाठ, पंखाचा हात, फाकलेलं तोंड. चहाचा रंग थोडा निघाला, काजळ तर सगळंच निघालं, पण खरखर कमी झाली. तेल पीत होता तो, ओतावं तेवढं पीत होता. मग बाबाने घेतला आणि त्याने चोळला. मग त्याने चिमीचा हात धरला, तिच्या मुठीत दिला. ती काय करणार? तिने तोंडात घातला! मी ओरडले, तर बाबा एवढा हसला, एवढा हसला की त्याचा खुबा दुखायला लागला, नर्स त्यालाच रागावली. पठाण म्हणाला, "माशाल्ला, बच्ची शेर है!"

हसून झाल्यावर त्याने नर्सला सांगितलं आणि ते मी तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलं, विसरू नये म्हणून.

"बोलता है, चाय का बास मुझे पहले ही आया था. मैंने सोचा, बोलेगी या नहीं बोलेगी. और बोलता है, अभी तक इसमें सिर्फ हमारे घर का हाथ था. अभी तुम्हारा भी है, बच्ची का भी है. फिर पीला होगा. देर लगेगा."

निघताना त्याने मला काही दिलं नाही, मीही काही मागितलं नाही. खोबरेलाची बाटली मात्र मी त्याच्याजवळ ठेवली. वॉर्डाच्या दारातून वळून बघितलं तर तो अंगठ्याने चोळत बसला होता.

परत फुजैरा

हे येऊन बसले होते, शेजारणीकडून चिठ्ठी घेऊन. आधी रागावले, "एकटी? पोरीला घेऊन? अबुधाबीपर्यंत?" मग दोन दिवसांनी मी ऐकलं, ऑफिसातल्या कोणालातरी फोनवर सांगत होते, "मेरी वाइफ गई थी, अकेली, बच्चा ले के." आवाज असा की मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

पण मी सांगून टाकलं हे त्यांना पटलं नाही. "दिलंस ना नेऊन? मग म्हाताऱ्याला रडवायची काय गरज होती?" कुलसुमभाभी तर अजून फोनवर टोमणे मारते, "माझा चहा फुकट गेला गो, एवढी पावडर घातली होती." सना एकटीच म्हणाली, "गुड, आंटी," आणि फोन आईला दिला.

मी आता हर्णैत आहे. दापोलीला एस.टी.ने एकटी जाते, कोणाला विचारत नाही. चिमीला आठ दात आलेत. मला ह्याचा केवढा अभिमान वाटतो ते कसं सांगू, की पार त्या बर्फात, जिथे नकाशा संपतो, तिथे एका खिडकीत की उशीखाली एक दात आहे, आणि त्याला माझ्या आणि माझ्या पोरीच्या हाताचं तेल लागलंय. तो हळूहळू पिवळा होत असेल.

फक्त एक गोष्ट अजून मनात येते, भांडी घासताना, चिंच कोळताना. बाबा हसला होता. तुपिलाक त्याच्या मुठीत होता. नर्सने ते विचारलं नसतं, त्याने ती गोष्ट सांगितली नसती, तर मी सलाम करून निघालेच होते. बायांनो, खरं सांगा, दार चार पावलांवर होतं. तुम्ही काय केलं असतं?